सुभेदारांच्या भाषणाचा पहिला अर्धा तास

ऐका, पण हसायचं नाही. एवढा गाढवपणा माणूस आयुष्यात एकदाच करतो, आणि मी तो बारा बायांसमोर केला.

मी गोंदियातल्या एका राइस मिलचा मॅनेजर. मिलवाल्यांच्या मेळाव्यात एका निवृत्त सुभेदारांचं भाषण झालं, कारखान्यांनी फौजेकडून काय शिकावं यावर. मी असा पेटलो की दुसऱ्याच दिवशी मिलमध्ये फौज उभी केली. सकाळी आठला रांगेत हजेरी. सगळ्यांचे फोन माझ्या कपाटात. आणि मुख्य नियम, हुकमाशिवाय कोणी हात हलवायचा नाही!

पटांगणात धान वाळवणाऱ्या बायांची म्होरकी शेवंताबाई. वीस वर्षं आभाळ बघून काम करणारी बाई. तिनं विचारलं, "अन् आभाळ आलं तं जी?"

"हुकमाची वाट पाहायची," मी म्हणालो. काय तो रुबाब माझा!

चार दिवसांनी मालक रायपूरला गेले. जाताना बजावलं, धान भिजलं तर उद्यापासून येऊ नको. मी बिनधास्त. उलट मला वाटलं, आपली सुधारणा सुभेदारांना दाखवावी. जवळच कुडव्याला त्यांच्या घरी जाऊन त्यांना स्कूटरवर बसवलं आणि निम्म्या वाटेत अवकाळी पाऊस कोसळला.

फाटकातून शिरतो तर काय? धान भिजतंय, ताडपत्री शेजारी घडी घालून ठेवलेली, आणि बारा बाया ओळीत ताठ उभ्या! मी किंचाळलो, झाका ना, उभ्या काय राहिल्या?

"तुमच्या हुकमाची वाट पाहून राहिलो जी," शेवंताबाई शांतपणे म्हणाली. "फोन लावला असता, पण फोन तुमच्या कपाटात अन् किल्ली तुमच्या खिशात."

आता यावर कोणावर चिडू, सांगा! मी कपाळावर हात मारेपर्यंत सत्तरीचे सुभेदार ताडपत्रीचं टोक धरून पळालेसुद्धा.

अर्धं धान वाचलं, म्हणून मालकांनी मला ठेवलं. पटांगणाचा कारभार मात्र शेवंताबाईकडे दिला. पण त्याहून जास्त लागलं ते सुभेदारांचं बोलणं. ओल्या मिशा पुसत ते म्हणाले, "ज्याच्यासमोर संकट उभं, निर्णय त्यानंच घ्यायचा, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. अन् साहेबानं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, हेही. तुम्ही ऐकलं नाही काय?"

कुठून ऐकणार? पहिला अर्धा तास मी बाहेर समोशांच्या रांगेत होतो. सगळ्यात पुढे.