विमानातला चौकडा, दहिवलीची शिलाई

शिवणाच्या दुकानात चिंध्या आणि किस्से दोन्ही साठतात. चिंध्या निदान उशीत भरता येतात. किस्से कुणाला तरी सांगावेच लागतात!

माझं दुकान दहिवलीला. एकदा कर्जतच्या एअर होस्टेस क्लासच्या मॅडम तांबड्या-हिरव्या चौकड्यांचं जाड कापड घेऊन आल्या. "हे टार्टन. मूळ स्कॉटलंडचं. मुलींचे स्कर्ट शिवायचेत."

मी ते टेबलावर पसरतेय, तेवढ्यात कशेळ्याची एक गिऱ्हाईक बाई आत आली. म्हणाली, "चादर बरी हाय गं! डबल बेडची का?"

*

मला चौकशा फार. विचारलं, "विमानात चौकडाच का हो?"

मॅडमनी मोबाईलवर जुने फोटो दाखवले. तिकडच्या एका कंपनीच्या पोरी आधी जाकीट-स्कर्ट सगळंच टार्टनचं घालायच्या. पुढच्या फोटोत नुसता स्कर्ट. त्याच्या पुढच्यात फक्त गळ्यातला रुमाल!

म्हटलं, "मॅडम, याच्या पुढचा फोटो नका दाखवू!"

*

पहिला स्कर्ट लोधिवलीच्या सानिकाचा झाला. बाई तो घालूनच एसटीत चढली. कंडक्टर म्हणाला, "शाळेचा पास काढ गं."

ही ताठ. "काका, मी एअर होस्टेस होणारे!"

"मंग यष्टीत कशाला बसलीस? उडत जा की!"

तरी ही गोड हसून म्हणाली, "थँक यू, सर!" क्लासात तेच शिकवतात म्हणे.

*

तिचा मुंबईचा इंटरव्ह्यू आला, आणि वडील अडून बसले. भातशेतीवाला माणूस, एकदा नाय म्हणजे नाय! सानिका कमरेत स्कर्ट घट्ट करायला आली, तर हे मागोमाग दुकानात. स्कर्ट उचलून म्हणाले, "ह्ये घालून माझी पोर चारचौघांत उभी ऱ्हानार?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, तिकडं हे बापे घालतात, बापे! लग्नात मिरवतात! मॅडम सांगत होत्या, घराण्याघराण्याचा चौकडा ठरलेला असतो. बघितलं की कळतं, माणूस कुणाच्या घरातला."

त्यांनी स्कर्ट उलटसुलट करून पाहिला, टेबलावर ठेवला आणि चालते झाले. सानिका रडायला लागली. मला वाटलं, कशाला तोंड उघडलं मी! पोरीचं होतं-नव्हतं ते घालवलं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी शटर वर करते तर हे दारात उभे! मागे मोटारसायकलवर सानिका, स्कर्टची पिशवी पोटाशी धरून.

"ताई, त्या कापडातलं उरलंय का काय?"

"उरलंय थोडं. का हो?"

"रुमाल शिवा. घरात पाच मानसं हायत आमी."