पर्लकोटेच्या अलीकडे

फार्मसीच्या पदवीची प्रवेश परीक्षा माझ्या हातून गेली, कारण त्या आठवड्यात मी मलेरियाच्या तापाने फणफणले होते. मग आलापल्लीच्या कॉलेजातल्या सरांनी सांगितलं, "डिप्लोमाला परीक्षा नसते. बारावीच्या मार्कांवर नंबर लागतो." सायन्सला मला बरे मार्क होते. सरांनीच बसवून माझा अर्ज भरून घेतला. बाबांना एवढंच कळलं की परीक्षा नाही, म्हणजे नापास व्हायची भीती नाही. ते खूश झाले.

आमचं गाव भामरागडच्याही पलीकडे. फोन लागतो तो गावाबाहेरच्या टेकाडावर. भर पावसाळ्यात तिथेच सरांचा फोन आला. चंद्रपूरच्या एका कॉलेजात माझं नाव लागलं होतं. "शनिवारच्या आत जाऊन प्रवेश पक्का कर, नाहीतर जागा जाईल."

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी भामरागडला पोचलो, तर पर्लकोटा नदीचा पूल पाण्याखाली. पलीकडे हेमलकशाच्या बाजूला गाड्या अडकलेल्या. फोनही बंद पडले. आम्ही बाबांच्या ओळखीच्या घरी थांबलो. सकाळी उठून नदीवर जायचं, पाणी बघायचं, परत यायचं. शुक्रवारी बाबांनी एका डोंगेवाल्याला गाठलं.

"पोरीची शाळा हाय भाऊ. पलीकडं सोडून दे."

त्याने पाण्याकडे हात केला. "माही सोताची पोरगी असती तरी नेलो नसतो."

बाबा मागे फिरले. मला त्या माणसाचा राग आला. तो बरोबर बोलत होता, म्हणून जास्तच आला.

पूल मोकळा झाला तेव्हा सोमवार उजाडला होता. एसटीने चंद्रपूर गाठलं. कॉलेजातले कारकून चांगले होते. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, मग कॉम्प्युटरवर पाहिलं.

"काका, मुदत संपली. ती जागा आता पुढच्या फेरीत दुसऱ्याला जाईल. माझ्या हातात काही नाही."

"पन परीक्षा नाई म्हनले होते ना, साहेब?" बाबांनी विचारलं.

कारकुनांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

पुढच्या फेऱ्यांत माझं नाव कुठेच लागलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, पण त्या वर्षी जास्त मार्कांवर यादी बंद झाली. तिसऱ्या वर्षी सरांनी अर्जासाठी फोन केला तेव्हा मी तो उचलला नाही.

आता मी आलापल्लीत एका मेडिकल दुकानात आहे. मालक चिठ्ठी वाचून नाव सांगतात, मी फळीवरून पाकीट काढून देते. मागच्या महिन्यात बाबा दुकानात आले होते. बाकावर बसलेल्या गावच्या एका बाईंना म्हणाले, "माही पोरगी फार्मसी करून राह्यली इथी."

बाईंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी त्यांच्या गोळ्या पिशवीत भरल्या.

"लई चांगलं केलं बाई," त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली.