पाठमोरी जोडी

आमच्या शेजारची ती मुलगी दिवसभर बारामतीतल्या फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाच्या बोर्डांवर चेहरे चिकटवते आणि जळोचीत घरी आली की प्रेमकथा लिहिते. पुस्तकं स्वतःच काढते, त्यांची कव्हरंही स्वतःच मोबाईलवर करते. कव्हरवर माणसं असतात, पण सगळी पाठमोरी.

मी कारण विचारलं.

"काकू, चेहरा दाखवला की वाचणारीला तिचा माणूस दिसत न्हाय," ती माझ्या मानेकडं बघत म्हणाली. ही तिची खोडच आहे. बोलताना समोरच्याचे खांदे, कोपर, अंबाडा न्याहाळते.

मग एके दिवशी तिनं मला फोटोसाठी उसाच्या कडेला पाठमोरं उभं केलं.

"लाजू नका. तुमी कुणाला कळणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी ह्यांचाही तसाच पाठमोरा फोटो घेतला.

परवा नवं कव्हर दाखवायला आली. त्यात आम्ही दोघं खेटून उभे होतो. लग्नाच्या फोटोतसुद्धा इतके जवळ नव्हतो. मी फोन ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"जोडी झ्याक हाय," म्हणाले. "कुठली म्हणायची?"