खिडकीवरचा पत्रा

मार्चची तीन तारीख. लग्नसराई तोंडावर आलेली, म्हणून मागची शेड झाडायला घेतली. माजलगावात तेलगाव रोडला आमचा पत्र्याची कपाटं बनवायचा कारखाना आहे. पुढे दुकान, मध्ये पत्रा कापायची-वाकवायची मशिनं, आणि सगळ्यात मागे ही शेड. इथे तयार कपाटाला पुटी लावतात, ती वाळली की पॉलिश पेपरनं घासतात आणि मग रंग मारतात. पुटीची धूळ मैद्यासारखी बारीक असते. छताच्या अँगलवर, वायरींवर, पंख्याच्या पात्यांवर तिचे थर बसले होते. एक घमेलं भरलं, दुसरं भरलं, तरी झाडू लावला की वरून येतच होती... अक्कांनी इतकी वर्षं कपाटं घासली, त्याची ही धूळ. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंद, कमलबाई. संक्रांत झाली आणि त्या गेल्या. अँगलवर बसलेली धूळ मी घमेल्यात भरली. छातीत बसलेली त्यांच्याबरोबर गेली.

बीडच्या दवाखान्यातून नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात कपाट दाखवत होते. लग्न ठरलेल्या मुलीचा बाप तेलगावहून टेम्पो घेऊन आला होता, मुलगी सोबत होती, रंग पसंत झाला होता. नवरा एवढंच म्हणाला, "अक्का गेली." मी फोन ठेवला, कपाटाला गोधडी गुंडाळून दिली, टेम्पोत चढवताना कोपरा घासू नये म्हणून जवळ उभी राहिले, आणि टेम्पो गेल्यावर शटर ओढलं. नंतर काही बायका बोलल्या, काय काळजाची बाई आहे. असेल. पण ते कपाट अक्कांच्या हातचं शेवटचं होतं. त्याला ओरखडा गेला असता तर अक्कांनी मला सोडलं नसतं.

अक्का गेवराईला दिल्या होत्या. काही वर्षांत परत आल्या, एक पेटी घेऊन. तिथे काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आमच्या घरात कुणी विचारलं नाही. माझं लग्न झालं तेव्हा त्या घरातच होत्या. भाकरी करायच्या, पापड करायच्या, आणि दुपारी कारखान्यात येऊन उभ्या राहायच्या. एका लग्नसराईत रंगारी न सांगता पुण्याला निघून गेला. पुटी लावलेली कपाटं तशीच उभी, गिऱ्हाईक रोज दारात. सासरे डोकं धरून बसले. अक्कांनी पदर खोचला, पॉलिश पेपर लाकडाच्या गुटक्याला गुंडाळला आणि एका दाराला लागल्या. संध्याकाळी सासऱ्यांनी त्या दारावर हात फिरवला, परत फिरवला. जेवताना म्हणाले, "करायचं तर कर. पण रोडवरून दिसायला नको."

आमचं घर व्यापारी. घरातली परत आलेली लेक पत्रा घासते, हे गावाला दिसणं त्यांना सोसणारं नव्हतं. शेडला एकच खिडकी, तीही रोडच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी अक्कांनी स्वतः पत्रा कापला, त्याच्या चारही कडा आत दुमडल्या आणि खिडकीवर ठेवून चहूबाजूंनी रिपीट, म्हणजे रिव्हेटचे खिळे, ठोकले. त्या दिवसापासून शेडमध्ये दिवसा दिवा लागायला लागला.

काम मात्र असं केलं की लोक आमच्या कपाटाला हात लावून बघायला यायचे. स्पॉट वेल्डिंग केलं की पत्र्यावर बारीक खळगे पडतात. पुटीनं ते बुजवायचे आणि घासून असे सपाट करायचे की रंग दिल्यावर दारात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ रेघ दिसलं पाहिजे. रेघ कुठे मोडली की अक्का खडूनं गोल करायच्या आणि पुन्हा घासायला बसायच्या. कापलेल्या पत्र्याच्या कडेला बारीक कूस राहते, ती बोट कापते. अक्का कापसाचा एक पेळू हाताशी ठेवायच्या आणि रंगाआधी प्रत्येक कडेवरून फिरवायच्या. कापसाचा तंतू अडकला की म्हणायच्या, "धार जित्ती हाय अजून," आणि कानस लावायच्या. नव्या नवरीचा हात कपाटाच्या आतून कापू नये, एवढं त्यांचं म्हणणं. गेवराईच्या संसाराबद्दल त्या जे काही बोलल्या असतील, ते मला वाटतं एवढंच.

तोंडाच्या मात्र तिखट. माणसांना पत्र्याचे गेज लावायच्या. गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढा पत्रा पातळ. कपाट न्यायला आलेला नवरदेव बघून माझ्या कानाशी यायच्या: "चोवीस गेजचं दिसतंय बेनं. सासऱ्यानं दाबलं की पोक येईल." मला म्हणायच्या, "सुनंदा, तू सोळा गेज. वाकत न्हाईस, आन् वाकलीस तर सरळ व्हत न्हाईस." मी विचारलं, मग तुम्ही कितीच्या? म्हणाल्या, "मी भंगारातनं आलेला तुकडा. त्याला गेज इचारत नसतेत." आणि हसल्या. मला हसू आलं नाही, पण त्यांनी लगेच कागद घासायला घेतला, त्या आवाजात पुढचं बोलणं होत नसे.

सासरे गेले. त्यानंतर एकदा मी म्हटलं, आता तो खिडकीवरचा पत्रा काढू या, कुणासाठी ठेवायचा? अक्का म्हणाल्या, "राहू दे. रोडची धूळ रंगावर बसती." खोटं नव्हतं. हंगामात उसाचे ट्रॅक्टर त्या रोडनं सारखे जातात, ओल्या रंगावर एक कण बसला तरी दिसतो. मी म्हटलं, मग रंगाच्या वेळी झाका, घासताना उघडा. त्या कागद घेऊन पुढच्या दाराला लागल्या. रंगाची काळजी होती की लोकांची, मला आजही सांगता येणार नाही. इतकी वर्षं ज्या अंधाराला शिस्त म्हणत आलो, तो उठून दूर करणं सोपं नसतं, एवढं मला दिसलं.

धुळीवर आमच्या कारखान्यात एक औषध होतं, गूळ. खिडकीखालच्या फळीवर पत्र्याचा एक डबा, अक्कांनीच बनवलेला, त्यात कायम गुळाचे खडे. काम सुटलं की प्रत्येकानं एक खडा तोंडात टाकायचा. गुळानं धूळ खाली उतरते, छाती साफ होते. सासरे सांगायचे, त्यांच्या आधीचे मिस्त्री सांगायचे. उसाच्या मुलखात गुळावर अविश्वास कोण दाखवणार? तोंडाला फडकं बांधायचं आणि गूळ खायचा, एवढी आमची काळजी. अक्का खोकायला लागल्या तेव्हा त्यांनी खडा मोठा केला.

जिना चढताना धाप लागायला लागली तशी मी त्यांना बीडला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "काई न्हाई. घरीच असते." मी म्हटलं, डॉक्टर, या कारखान्यात... तर त्यांनी टेबलाखाली माझा हात दाबला. असा दाबला की मी गप्प झाले. डॉक्टरांनी कारण म्हणून चुलीचा धूर धरला, दम्याचा पंप लिहून दिला. परत येताना गाडीत मी चांगली चिडले होते. विचारलं, कामून लपवलं? अक्का खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "भावाच्या नावाला लागतंय. भैनीला जुंपली म्हनतील." पुढे गाडी चालवणाऱ्या भावानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ते ऐकलं. घरी आल्यावर तो जेवला नाही.

पंपानं काही झालं नाही. पुढच्या खेपेला आम्ही संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तो दिव्यावर धरला आणि तोच प्रश्न विचारला. अक्कांनी तेच उत्तर दिलं. डॉक्टर तरुण होते, शांत होते. म्हणाले, "आजी, हात बघू जरा." अक्कांची बोटं घासून घासून इतकी गुळगुळीत झाली होती की आधारच्या मशीनला त्यांचा अंगठा उमटत नसे, दर वेळी मशीनवाला वैतागायचा, अक्का लुगड्याला बोट पुसत राहायच्या. डॉक्टरांनी त्या बोटांवरून स्वतःचं बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. या खेपेला अक्कांनी माझा हात दाबला तरी मी सगळं सांगितलं. पुटी, कागद, बंद खिडकी, गूळ. डॉक्टर म्हणाले, गूळ पोटात जातो. धूळ छातीत. दोन्हीचे रस्ते वेगळे.

अक्कांनी विचारलं, "मंग ह्ये आमाला कुनीच कसं न्हाई सांगितलं?"

त्यांनी काम सोडलं असं कुणाला वाटेल. आठवड्यात परत शेडमध्ये. आता मी हातानं थोडंच घासते, सविताला दाखवते, म्हणाल्या. सविता पूर्वी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात जायची. मुलीची शाळा बुडते म्हणून यंदा-गेल्या वर्षी गेली नाही, आमच्याकडे लागली. अक्कांनी तिला सगळं शिकवलं: गुटका कसा धरायचा, दाब कुठे कमी करायचा, कापूस कसा फिरवायचा. आणि गूळही. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं तरी दुपारी अक्का शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या, नाकात नळी नाही म्हणून ओठ निळे, आणि आत बघून सांगायच्या, "खालच्या कोपऱ्याला फुगीर राहिलंय गं."

आम्ही लिंगायत, आमच्यात माती देतात, बसवून. अक्कांना बसवलं, हातात इष्टलिंग ठेवलं, तेव्हा मला वाटलं की त्या घासायलाच बसल्यात. बाकी त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही.

तर ती तीन मार्च. तिसरं घमेलं बाहेर ओतून मी आत आले, तोवर सवितानं दिवा लावून एक दार घासायला घेतलं होतं. मी दारातच थांबले. कागदाचा आवाज, मग खोकला. परत कागद, परत खोकला. कोरडा, खालून येणारा... तो आवाज मला पाठ आहे, मी अक्कांच्या शेजारच्या खोलीत झोपले आहे. मी विचारलं, कधीपासून? सविता घाबरली. म्हणाली, "थंडीचं हाय वैनी. गूळ खाल्ला की बसतंय." आणि लगेच, "मी न्हाई थांबवायची काम. हंगाम हाय." खोकला कबूल केला तर मी तिला काढीन आणि पोरीची शाळा सुटून पुन्हा तिला कोयता धरावा लागेल, हे तिच्या डोळ्यांत इतकं स्पष्ट होतं की मला तिथे उभं राहवेना.

रात्रीच्या जेवणाला मी नवऱ्याला सांगितलं, उद्या खिडकी उघडणार. तो म्हणाला, सराई होऊन जाऊ दे. ट्रॅक्टर चालू आहेत, रंगावर कण बसतील, कपाटं परत येतील. मी म्हटलं, घासणं खिडकीत होईल, तोंडाला संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलेला मास्क लावून; रंग संध्याकाळी मारू, वारा पडल्यावर, ताडपत्री सोडून. काम कमी निघेल. निघू दे. तो म्हणाला, "अक्कानं बसवलाय तो पत्रा." मी म्हटलं, हो. कुणाच्या सांगण्यावरून, तेही मला ठाऊक आहे. त्यावर तो उठून हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छन्नी-हातोडी घेतली आणि स्वतः लागले. अक्कांचे रिपीट सहज निघणारे नव्हते. एकेका डोक्याला चार-चार घाव घालावे लागले, एकदा हातोडी माझ्या अंगठ्यावर बसली. शेवटचा निघायच्या वेळी नवरा आला, त्यानं खालून पत्रा धरला. पत्रा खाली आला आणि उजेड आत शिरला. इतकी झाडलेली शेड, तरी त्या उजेडात धूळ तरंगताना दिसत होती. गुळाचा डबा मी रिकामा करून धुतला आणि त्यात खिळे भरले. पत्रा भिंतीला टेकवून ठेवला होता. फळीवर अक्कांचा पेळू होता तसाच. मी तो पत्र्याच्या कडेवरून फिरवला, चारही बाजूंनी, जी बाजू भिंतीकडे होती आणि जी कुणाला कधीच दिसणार नव्हती, तिच्यावरूनही. एकही तंतू अडकला नाही. मग तो पत्रा मी भंगाराच्या गाडीत टाकला.

सविता मास्क लावून खिडकीत बसली. समोरचे किराणावाले रोडवर दात घासत उभे होते, ते जवळ आले, आत डोकावले आणि म्हणाले, "काय वैनी, बाई ठिवली व्हय घासायला?"

मी म्हटलं, "आधीपन बाईच व्हती. आमच्या अक्का. तुमच्या घरातलं कपाट त्यांच्याच हातचं हाय. आतून हात फिरवून बघा एकदा."