श्रीच्या पुढचं

आमच्या घरातला पदवी घेतलेला मी पहिला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या बेटावरच्या मोका गावात संगणकावर प्रोग्राम लिहायची नोकरी लागली, तेव्हा आईनं एकच उपदेश केला, "कागदावर आधी श्री लिव." मी तो पाळला. ज्या ओळीपुढं ताऱ्याची खूण केली ती यंत्र वाचत नाही, माणसं वाचतात. अशी एक ओळ प्रत्येक प्रोग्रामच्या माथ्यावर घालून त्यात रोमन अक्षरांत श्री लिहीत असे.

आमच्या प्रमुख बाईंना सगळे मादाम म्हणत. त्यांचे नियम भिंतीवर टाचलेले होते: प्रोग्राम काय करतो ते वर लिहा, कुठे काही वेगळं केलं असेल तर का केलं तेही लिहा. मला वाटे, हे विसराळू लोकांसाठी आहे. मी तर पदवीधर!

माझं लग्न ऐन ऊसतोडीत ठरलं. नोकरीत कायम व्हायला मादामचं पत्र अजून मिळायचं होतं. कोणत्या शेतकऱ्याचा ऊस कारखान्यात कोणत्या दिवशी जायचा, ती यादी माझा प्रोग्राम छापत असे.

हळदीच्या सकाळी मोंतान्य ब्लांश गावी आमच्या दारात मादामची छोटी मोटार थांबली. हळद लागलेल्या नवरदेवानं अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही, म्हणून त्या स्वतःच मांडवात आल्या. हातात माझ्या प्रोग्रामचा छापील गठ्ठा.

"कारखाना दोन दिवस बंद पडलाय," त्या क्रिओलमध्ये म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत नवी यादी हवी, नाहीतर तोडलेला ऊस वाळेल. आणि इथे, सहाव्या दिवशी गाड्या निम्म्या का केल्यास? कुणालाच कळेना. वर नुसता एक शब्द आहे."

"देवाचं नाव आहे, मादाम."

"आयो! देव काय करतो ते मला ठाऊक आहे. प्रोग्राम काय करतो ते सांग!"

मी ओळ पाहिली. काही केल्या आठवेना. बाबांचा ऊसही त्याच यादीत होता. ते शेजारी उभे राहून माझ्याकडे असे बघत होते, जणू पदवी परत घेणार आहेत. हळदीच्या बोटांनी मी पानं उलटत राहिलो.

"काय झालं?" आईनं विचारलं.

मी मराठीत सांगितलं.

"अरे खुळ्या, श्री लिवून पुढं काहीतरी लिवायचं असतं. पत्र कधी श्रीवरच संपतंय का?"

मावशा हसल्या. मादामना अर्थ सांगितला तेव्हा त्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसल्या.

"शनिवारी कारखान्यातल्या दोनातला एकच वजनकाटा चालू असतो," बाबा हळूच म्हणाले. "दर वर्षी तासन्‌तास उभे असतो आम्ही."

तेच कारण होतं! त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. मादामनी पेन पुढं केलं. मी त्या ओळीशेजारी ते लिहिलं, बाकीच्या ओळींचंही लिहिलं, आणि तोवर वऱ्हाडाचं जेवण झालं.

यादी संध्याकाळी निघाली. कायम झाल्याचं पत्र महिन्याभरानं आलं. मादामनी त्यावर एक शेरा लिहिला होता: पहिली ओळ ठेवायला हरकत नाही, दुसरी विसरू नये. पिवळ्या बोटांचं ते पान मात्र त्यांनी नियमांशेजारी टाचून ठेवलं, आणि नव्या माणसाला ते समजावून सांगायचं काम मलाच दिलं.