कांद्याच्या माळेतला मे फ्लॉवर

आमच्या चाळीच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं, आणि त्या उन्हावर बाबांचाच हक्क आहे असं सगळे मजले मानतात. लालबागची गिरणी बंद पडली तेव्हापासून ते तिथे तेलाच्या डब्यांत मे फ्लॉवर लावत आले. त्याचा कंद थेट कांद्यासारखा. हिवाळाभर डब्यात नुसती माती दिसते. ऊन तापलं की मातीतून एक दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला लालभडक गोळा फुलतो. वर्षातून एकदाच, तोही आठवडाभर. लहानपणी पहिला गोळा फुलला की बाबा मला झोपेतून उठवून वर न्यायचे. "चल गो चेडवा," म्हणायचे. घरात मालवणी बोलणारे ते एकटेच, आई अलिबागकडची. पण चेडू म्हणजे मुलगी, आणि ती मुलगी म्हणजे मी, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

अलीकडे बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आपण जेवलो की नाही ते. मी फोर्टला नोकरी करते. आई दुपारी माहीमला जाते, अंथरुणाला खिळलेल्या मावशीकडे. तेवढा वेळ बाबा घरात एकटे. ते एकटे राहू शकतात का, हा प्रश्न आम्ही दोघी टाळत होतो. उत्तर नाही असं आलं, तर नोकरीवर पाणी सोडायची पाळी माझी होती.

यंदा गच्चीची डागडुजी निघाली आणि डबे हलवा असं फर्मान आलं. मी कंद उकरून काढले आणि सावलीत सुकवायला ठेवले. आईने ते पाहिले आणि तिच्यातली अलिबागकरीण जागी झाली. पांढऱ्या कांद्यांच्या माळा करून टांगायच्या, हे तिच्या हाताला इतकं सवयीचं की तिने कंदही सुतळीत ओवले. बरं, वेगळी माळ करावी, तर तेही नाही. कांद्यांच्या माळेला खाली जागा होती, तिथेच जोडून टाकले. मी म्हटलं, अगं, हे विषारी असतात. ती म्हणाली, मला कळतं की वरचे कुठले आणि खालचे कुठले. तिला कळत होतं, यात शंका नाही.

त्या शनिवारी मी दुपारीच घरी आले. बाबा जमिनीवर बसले होते, पुढ्यात ताट. भाकरीचे तुकडे आणि कांद्याची सालं. बाबांनी जन्मात कधी कांदा चिरून खाल्लेला नाही. बुक्की मारून फोडायचा आणि भाकरीबरोबर खायचा, ही गिरणीतल्या डब्याची सवय. मी माळेकडे पाहिलं. सुतळीत दोन जागा मोकळ्या होत्या, एक कांद्यांमधली आणि दुसरी तिच्या बरीच खाली, कंदांमधली.

मी सालं उलटसुलट करून पाहिली. सगळी पांढरीच, त्यावरून काय कळणार? वास घेतला, तर आमच्या स्वयंपाकघराला बारा महिने कांद्याचाच वास. बाबांचं तोंड हुंगलं, तर त्यांनी वर बडीशेप चघळलेली.

"बाबा, दुसरा कांदा कुठेय? खाल्लात?"

"माका कांदो वळखूक येणा नाय?" ते चिडून म्हणाले.

पूर्वी मी यावर डोळे मिटून विश्वास ठेवला असता. त्या दिवशी त्यांना टॅक्सीत घालून परळला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, पुन्हा पुन्हा विचारलं, बराच वेळ तिथेच बसवून ठेवलं. उलटी नाही, लाळ नाही, काही नाही. शेवटी घरी न्या म्हणाले, पण लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवलं. त्यांनी आवंढा गिळला तरी माझा जीव वरखाली व्हायचा. "काय बघतंस एवढा?" त्यांनी वैतागून विचारलं आणि पाठ फिरवून झोपले.

त्यांना काहीच झालं नाही. मला मात्र चैन पडेना. माळेतून गेलेला कंद घरात कुठेच मिळाला नाही. डागडुजी संपली तशी उरलेले मी परत गच्चीवर लावून टाकले, फिनेलची बाटली कपाटात, कपाटाला कुलूप. ऑफिसातून सारखे फोन करायचे. त्यांनी उचलला नाही की शेजारच्या काकूंना पळवायचं. काकू पळायच्या, पण एकदा म्हणाल्याच, किती दिवस असं चालायचं गं?

मे महिन्यात एका रविवारी सकाळी आईने गॅलरीतून हाक मारली. कढीपत्त्याच्या डब्यात, बुंध्याला खेटून, लाल गोळा फुलला होता. तिथे कंद आम्हा दोघींपैकी कोणीच लावला नव्हता.

बाबांनी तो कंद ओळखला होता. माळेतून कांदा काढताना खालचा कंद दिसला असणार, आणि हा इथे कशाला म्हणून मातीत नेऊन लावला असणार. म्हणजे बाबा ठीक होते. म्हणजे दुपारी एकटे राहू शकत होते. किती तरी दिवसांनी मला पोटभर श्वास घेता आला.

मी बाबांना हाताला धरून गॅलरीत आणलं. "तुम्हीच लावलात ना हा?"

ते वाकले. गोळ्यावरून हलकेच बोट फिरवलं. चेहरा असा उजळला की मला तो गच्चीवरचा चेहरा आठवला. मग माझ्याकडे वळून, शेजारणीला सांगावं तसं हळूच म्हणाले, "माझ्या चेडवाक दाखवूक व्हया ह्या. तेका लय आवडता."

आईने पदर तोंडाला लावला.

"दाखवू या," मी म्हटलं. "ऑफिसातून आली की दाखवू."

ते दिवसभर तिची वाट बघत डब्याशेजारी बसले. सोमवारी मी बिनपगारी रजेचा अर्ज दिला.