मेरीबाईची ओटी

शेजारच्या सुमनकाकूंची आणि माझी शेवटची बाजारफेरी रायपूरच्या पंडरी कापडबाजारात झाली. दुकानदारानं समोर दहा खण टाकले होते आणि काकू एकेक बाजूला सारत होत्या. "हिरवा नको गं, मागच्या साली हिरवाच नेला होता. मेरीबाई म्हणन, हिच्यापाशी दुसरा रंगच नाही!" अखेर जांभळा घेतला. पंधरवडाही झाला नाही, आणि काकू दुपारच्या झोपेतच गेल्या.

गुढियारीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. नवं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं तेव्हा अख्खा पारा, म्हणजे सगळी आळी, मिठाई वाटत होती, काकू तेवढ्या घुश्शात. त्यांचा मुलगा अविनाश भोपाळला सरकारी नोकरीत. दोन राज्यांत कर्मचाऱ्यांची वाटणी व्हायची होती. तो इकडे येतो की तिकडेच राहतो, या काळजीनं त्यांची झोप उडाली होती. कुणीतरी सांगितलं, बसनं दोन तासांवर एक लहानसं खेडं आहे, टेकडीवर मरियमची मूर्ती आहे, लांबलांबून ख्रिस्ती लोक पायी येतात. झालं, काकू मला घेऊन निघाल्या. लोक मेणबत्त्या लावत होते, आणि काकूंनी पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढून मूर्तीची चक्क ओटी भरली! मी तोंड लपवायला जागा शोधत होते. तिथली सिस्टर धावत आली, "दीदी, ये क्या है?" काकू शांत. "लेकराची माय हाय न ते? रिकाम्या हातानं कशी भेटू तिले?" मी हिंदीत सांगितलं, तशी सिस्टर खळखळून हसली. मग काकूंनी तिलाही रीत शिकवली: ओटीतले चिमूटभर तांदूळ भरणारीला परत द्यायचे, ते तिनं घरच्या डब्यात टाकायचे.

वाटणीची यादी लागली. अविनाश भोपाळलाच राहिला. पुढच्या वर्षी काकू पुन्हा पिशवी घेऊन दारात! मी चिडलेच, "मेरीबाई नवसाला तर पावली नाही काकू, मग आता काहून जाता?"

"तिचा पोट्टा तरी कुठं राह्यला तिच्यापाशी?"

मी चपला घातल्या... आणि नंतर दर वर्षी घालत राहिले.

तेरवीनंतर अविनाश म्हणाला, "वहिनी, आईचा जांभळा खण मीच नेतो." टेकडीवर मीही सोबत गेले. सिस्टर आता थकली आहे. तिनं त्याच्याकडे पाहिलं, "भोपालवाला बेटा?" एवढंच विचारलं, आणि ओटीतले चिमूटभर तांदूळ त्याच्या हातावर ठेवले. तो माझ्याकडे बघत राहिला. "घरच्या डब्यात टाकायचे," मी म्हटलं. त्यानं ते रुमालात बांधून भोपाळला नेले.

परवा त्याचा फोन आला. तांदूळ डब्यात पडले होते. मग म्हणाला, "वहिनी, पुढच्या साली मी येऊन राहिलो न... कोणता रंग घेऊ?"

"कोणताही घे," मी म्हटलं, "जांभळा तेवढा नको."